‘द सिग्नलमन’ (१९७६) : ३८ मिनिटांत बसवलेलं भूत

चार्ल्स डिकन्सच्या कथेतला सिग्नलमन, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांना सिग्नल देणारा माणूस, एका भुताने बेजार आहे : ते दिसून गेलं की मार्गावर काहीतरी भयंकर घडतं. आपली अडचण तो तारेच्या भाषेत मांडतो. दोन्ही बाजूंच्या ठाण्यांना ‘धोका, सांभाळा’ असं कळवलं, तर उलट विचारणा येणार : कसला धोका? कुठे? त्यावर याच्याकडे उत्तर एकच : माहीत नाही, पण देवाच्यान सांभाळा. असा संदेश पाठवणाऱ्याला नोकरीवरून काढतील, हे तो जाणून आहे. कथेचा सगळा जीव या सवाल-जवाबात आहे. बीबीसीने १९७६ साली तिचं दूरचित्रवाणीसाठी रूपांतर केलं तेव्हा करणाऱ्यांनी नेमका हाच धागा पकडला. इशारा मिळतो, माहिती मिळत नाही. प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून बघता येतो, म्हणून हे प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे. भयकथा पडद्यावर, रंगमंचावर किंवा श्राव्य माध्यमात नेऊ पाहणाऱ्याच्या ते थेट उपयोगी पडतं.

आधी ओळख. बीबीसीने १९७१ पासून नाताळच्या सुमारास दरवर्षी एक भुताची गोष्ट दाखवायची प्रथा पाडली होती. पहिल्या पाचही गोष्टी इंग्रजी भूतकथाकार एम. आर. जेम्स यांच्या होत्या. १९७६ ला प्रथमच दुसरा लेखक घेतला आणि तो डिकन्स होता. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क, पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, सिग्नलमनच्या भूमिकेत डेनहोम एलियट आणि त्याची हकीकत ऐकणाऱ्या प्रवाशाच्या भूमिकेत बर्नार्ड लॉइड. प्रक्षेपण २२ डिसेंबर १९७६, बीबीसी वन. लांबी साधारण ३८ मिनिटं. डेव्हिस तेव्हा विद्यापीठात शिकवत असत. पुढे १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेमुळे रूपांतरकार म्हणून त्यांचं नाव जगभर झालं.

कथा कुठून आली

कथा १८६६ च्या नाताळात डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या खास अंकात आली. त्याआधीचे दोन अपघात माहीत नसले तर कथेतली यंत्रं नुसती सजावट वाटतात.

पहिला अपघात क्लेटन बोगद्यातला, २५ ऑगस्ट १८६१, ब्रायटनजवळ. बोगदा सुमारे २ किलोमीटर लांब. दोन्ही तोंडांशी सिग्नलची एकेक केबिन आणि दोघांमध्ये सुईचं तारयंत्र, म्हणजे सुईच्या हालचालीवरून निरोप कळणारं. त्या सकाळी ब्रायटनहून तीन गाड्या सात मिनिटांच्या आत सुटल्या. पहिली गाडी बोगद्यात शिरली, पण तिच्यामागे सिग्नल आपोआप ‘धोका’वर यायला हवा होता तो आला नाही. दक्षिणेकडच्या किलिक नावाच्या सिग्नलमनने दुसऱ्या गाडीला घाईघाईने लाल झेंडी दाखवली, तोवर ती आत गेलीच. तिच्या ड्रायव्हरला झेंडी ओझरती दिसली होती. त्याने आत गाडी थांबवली आणि मागे घ्यायला सुरुवात केली. इकडे किलिकने पलीकडच्याला विचारलं, बोगदा मोकळा का? पलीकडच्याने पहिली गाडी बाहेर पडलेली पाहिली होती, त्याने ‘मोकळा’ म्हणून कळवलं. किलिकला वाटलं हे दुसऱ्या गाडीबद्दल आहे. त्याने तिसरी गाडी सोडली. २३ माणसं गेली, १७६ जखमी झाली. किलिक त्या दिवशी २४ तासांच्या पाळीवर होता.

इथे कुणी खोटं बोललं नाही आणि तारयंत्रही बिघडलं नव्हतं. ‘मोकळा’ या उत्तरात कोणती गाडी ते नव्हतं, एवढंच. अभ्यासक या अपघाताचा कथेशी संबंध जोडतात. कथेतल्या पहिल्या अपघातातले मृत आणि जखमीही बोगद्यातूनच आणले जातात.

दुसरा अपघात स्टेपलहर्स्टचा, ९ जून १८६५, केंट परगण्यात. त्या गाडीत डिकन्स स्वतः होते. ब्यूल्ट नदीवरच्या पुलाची दुरुस्ती चालू होती आणि रूळ काढून ठेवलेले होते. ही गाडी बोटीला जोडून धावायची, त्यामुळे भरती-ओहोटीप्रमाणे तिची वेळ रोज बदलायची. मुकादमाने वेळापत्रकात चुकीच्या दिवसाची वेळ वाचली. झेंडीवाला नियमाप्रमाणे १,००० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवर उभा हवा होता. तो ५५४ यार्डांवर, सुमारे ५०७ मीटरवर होता. ड्रायव्हरला झेंडी दिसली, पण तेवढ्या अंतरात गाडी थांबणं शक्य नव्हतं. १० जण दगावले. डिकन्सचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. ते बाहेर पडले, जखमींना पाणी पाजत फिरले आणि परत डब्यात चढून हस्तलिखित घेऊन आले. पुढे आगगाडीत बसलं की त्यांना धडकी भरायची. पाच वर्षांनी त्यांचं निधन झालं, तीही तारीख ९ जूनच.

म्हणजे एका अपघातात इशारा अपुरा आणि दुसऱ्यात वेळेवर न पोचलेला. कथेतलं भूत या दोन्ही दोषांचं बनलेलं आहे. ते हात हलवतं, डोळे झाकतं, घंटा वाजवतं. काय होणार ते सांगत नाही. आपल्याकडच्या गोष्टींतल्या भुताची बहुधा काहीतरी मागणी असते. राहिलेली वासना असते, नाहीतर कोंबडं-नारळ हवं असतं, ते दिलं की सुटका. या भुताला काहीही नको आहे. ते फक्त आपलं काम करतं, आणि ते काम सिग्नलमनचंच आहे. म्हणून सिग्नलमनची इतकी कोंडी होते.

कागदावरची अडचण

मूळ कथा सुमारे ५,००० शब्दांची. सगळी प्रवाशाच्या तोंडून येते. तो लोहमार्गाच्या खोल खिंडीच्या वरून हाक मारतो, नागमोडी वाटेने खाली उतरतो, सिग्नलमनशी बोलतो, निघून जातो. दुसऱ्या रात्री ११ वाजता परत येतो आणि खरी हकीकत ऐकतो. तिसऱ्या संध्याकाळी येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. भूत तीनदा येऊन गेलेलं आहे, पण प्रवाशासमोर एकदाही नाही. सगळं सांगोवांगी, एका कोंदट केबिनमध्ये शेगडीशेजारी बसून.

पटकथाकाराला यात तीन गाठी सोडवाव्या लागतात. पहिली गाठ दोन माणसं बसून बोलतात याची. ३८ मिनिटं ते नुसतं दाखवलं तर नभोनाट्य होतं, आणि सांगितलेलं सगळं दृश्यात घातलं तर ‘हा माणूस खरं सांगतोय का?’ ही शंका मरते, कारण डोळ्यांनी दिसलेलं प्रेक्षक खरं धरून चालतो. दुसरी गाठ मनातल्या शब्दांची. सिग्नलमन भुताचे हातवारे करून दाखवतो तेव्हा प्रवासी मनात त्यांना शब्द जोडतो : देवाच्यान, वाट सोडा! शेवटी इंजिनाचा ड्रायव्हर नेमके हेच शब्द ओरडल्याचं सांगतो. ते शब्द सिग्नलमनने कधी उच्चारलेच नव्हते, ते केवळ आपल्या डोक्यात होते, हे प्रवाशाच्या लक्षात येतं आणि कथा तिथे थांबते. वाचताना अंगावर काटा येतो तो याच जागी. पडद्यावर मनातले शब्द ऐकू येत नाहीत. प्रवाशाचा आवाज वरून लावला तर शेवटाची खूण आधीच फोडल्यासारखी होते. तिसरी गाठ केबिनमधल्या घंटेची. तिच्याकडे पुढे येऊ.

डेव्हिस यांनी दुसरी गाठ सोडवायचा हट्ट धरला नाही. शब्दांकडचं वजन उचललं आणि चेहऱ्याकडे नेलं. तो निर्णय बरोबर होता, पण त्याची किंमतही पडली, ती पुढे.

जागा

चित्रीकरण इंग्लंडमधल्या सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर झालं. मुख्य जाळ्यातून बाहेर पडलेला हा मार्ग हौशी मंडळींनी वाफेच्या गाड्यांसाठी जिवंत ठेवला आहे. ब्यूडली बोगद्याच्या किडरमिन्स्टरकडच्या बाजूला खोल खिंड आहे. तिथे खोटी केबिन उभारली. केबिनच्या आतली दृश्यं मात्र हायली स्टेशनच्या खऱ्या केबिनमध्ये घेतली. या रेल्वेच्या नियमित प्रवासी गाड्या तेव्हा ब्यूडलीपर्यंतच धावत. बोगद्यातून किडरमिन्स्टरपर्यंत त्या जाऊ लागल्या १९८४ साली.

कथेतल्या खिंडीचं वर्णन असं : दोन्ही बाजूंना पाझरत्या खडकाच्या भिंती, वर आभाळाची पट्टी, एका टोकाला काळं बोगद्याचं तोंड आणि त्याच्याजवळ लाल दिवा. ऊन जेमतेम पोचतं. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटातून रेल्वेने गेलेल्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ ला खुला झाला, म्हणजे ही कथा लिहिली गेली तेव्हा आपल्याकडेही बोगद्याच्या तोंडाशी कंदील घेऊन माणसं उभी राहू लागली होती.

बाहेरची केबिन एकीकडे आणि आतली दुसरीकडे, याचा व्यवहारातला अर्थ ध्यानात घ्यावा. आतून खिडकीबाहेर बोगदा दिसूच शकत नाही. त्यामुळे ‘तो बोगद्याकडे बघतो’ हे त्याच्या नजरेने दाखवायचं आणि बोगदा वेगळ्या चौकटीत यायचा. दोन्ही जागा एकच आहेत असं भासवणारा जोड म्हणजे दार. माणूस दारातून बाहेर पडताना आतला उजेड तांबूस, शेगडीचा, आणि बाहेरचा निळसर असेल तर प्रेक्षक जोड शोधत नाही. हे जमलं नाही की केबिन ‘सेट’ वाटते आणि पुढचं सगळं पाण्यात. या कथेला जोडकाम उलट पोषक ठरतं : सिग्नलमन सारखा आपल्याला न दिसणाऱ्या दिशेला बघत राहतो.

आणखी एक बारकावा. कथेत सिग्नलमन भुतामागे बोगद्यात ५०० यार्ड धावतो. ब्यूडली बोगदा ४८० यार्डांचा, सुमारे ४३९ मीटर. तो कथेइतका धावला असता तर पलीकडून बाहेर पडला असता! पडद्यावर याने काही बिघडत नाही, कारण कॅमेऱ्याला बोगद्याचं तोंड पुरतं. अंधाराची लांबी प्रेक्षक स्वतः मोजत असतो, म्हणून जागा निवडताना बोगदा किती लांब यापेक्षा तोंडापासून पलीकडचा उजेड दिसतो का, हे बघावं. उजेडाचा ठिपका दिसला की भीती गेली. तो दिसत असेल तर कॅमेरा बाजूला सरकवून भिंत आड घ्यायची, नाहीतर धुराने झाकायचा.

धुराचं गणित इथे वेगळं असतं. बोगदा धुराड्यासारखा ओढतो, आणि वारा फिरला की आतला धूर एकदम बाहेर लोटतो. खिंडीत धुकं सोडायचं तर आधी अर्धा तास वाऱ्याची दिशा बघावी, नाहीतर पहिल्या चौकटीत दाट आणि पुढच्या चौकटीत स्वच्छ असं होतं. खरं वाफेचं इंजिन असेल तर एकदा घेतलेलं दृश्य पुन्हा घ्यायला गाडी मागे न्यावी लागते आणि बोगद्यातला धूर निवळेपर्यंत थांबावं लागतं. गाडीची दृश्यं म्हणून मोजकीच ठेवायची आणि बाकीचं काम आवाज आणि थरथर यांच्यावर सोपवायचं.

घंटा

सगळ्यात कसाचा निर्णय इथे आहे. केबिनमध्ये तारयंत्राला छोटी घंटा आहे. पलीकडच्या ठाण्याने वाजवली की ती ठणकते. सिग्नलमन म्हणतो, भूतही ती वाजवतं, पण माणसाची घंटा आणि त्याची घंटा यांत माझी कधीच गफलत झालेली नाही. भुताची घंटा म्हणजे एक विचित्र कंप, घंटा हलताना दिसेलच असं नाही. प्रवासी मुद्दाम घंटेकडे डोळे आणि कान लावून बसतो. सिग्नलमन दचकून तिकडे बघतो, प्रवाशाला मात्र काहीच ऐकू येत नाही.

वाचकाला हे वाक्य वाचून पुढे जाता येतं. ध्वनिसंकलकाला ते जमत नाही, त्याला काहीतरी एक ठरवावंच लागतं. पूर्ण शांतता ठेवली तर प्रेक्षक प्रवाशाच्या बाजूला बसतो आणि सिग्नलमन भ्रमिष्ट दिसतो. खणखणीत ठोका दिला तर भूत सिद्ध झालं, प्रश्न मिटला. या रूपांतराने मधली वाट काढली : ठोका नाही, कंप. धातू कुणी न मारता गुंजत राहावा तसा आवाज, भुताच्या चाहुलीला जोडलेला. प्रेक्षकाला तो ऐकू येतो, पण ती घंटा आहे की त्या माणसाच्या डोक्यातली गुणगुण, हे ठरवता येत नाही.

हे घरी करून बघता येतं. पितळी घंटा किंवा तांब्या घ्या. काठावर लाकडी दांडा मारला तर आवाजाची सुरुवात टोकदार येते. तोच दांडा काठावरून दाबून फिरवला की सुरुवात नसलेला गुंजारव येतो. मेंदू ‘कुणीतरी वाजवलं’ हे आवाजाच्या पहिल्या टोकावरून ओळखतो. ध्वनिमुद्रणातून ते टोक कापलं आणि उरलेला आवाज हळूहळू वर आणला, की वाजवणारा गायब होतो. भयदृश्यांत याच्या नेमकं उलट केलं जातं : एकदम मोठा ठोका. त्याने माणूस दचकतो आणि दुसऱ्या सेकंदाला सावरतो. कंपाने सावरायला जागा मिळत नाही.

दूरचित्रवाणीच्या संदर्भात याला आणखी महत्त्व होतं. १९७६ साली संचाचा स्पीकर लहान असे. खोल, घुमणारा आवाज त्यातून नीट येत नसे, मधल्या पट्टीतला धातूचा आवाज मात्र स्पष्ट येई. आज भ्रमणध्वनीवर पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या बाबतीतही हेच खरं आहे. चित्रपटगृहातल्या घनगंभीर गडगडाटावर भिस्त ठेवून केलेलं काम छोट्या स्पीकरवर फुसकं होतं, आणि ही चूक अजूनही सर्रास होते.

एलियट यांच्या अभिनयाचाही इथे वाटा आहे. ते ऐकणारा माणूस करतात. बोलता बोलता मध्येच थांबायचं, मान किंचित वळवायची, मग शिष्टाचार म्हणून पाहुण्याकडे परत बघायचं. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये वायरलेस ऑपरेटर होते. यंत्राला कान लावून बसणं ही त्यांची प्रत्यक्ष केलेली नोकरी होती.

लाल

दुसरा धागा रंगाचा. बोगद्याजवळचा धोक्याचा दिवा लाल, आणि सिग्नलमनला आठवणारा बोगद्यातला अपघातही लाल. हा रंग दोन्ही जागा शिवून टाकतो, त्यामुळे पुढे नुसता दिवा दिसला तरी अपघात आठवतो. संवादाची गरज उरत नाही.

तांत्रिक बाजू अशी, की त्या काळच्या प्रक्षेपणात रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा बराच कमी पोचे. काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद लाल ठिपका कडांना पसरायचा. शास्त्राने तो दोष, पण या कथेत धुक्यातला कंदील तसाच पसरतो, त्यामुळे तो खपून जातो. शिवाय बऱ्याच घरांत तेव्हा कृष्णधवल संच होते. त्यांना लाल म्हणजे मळकट करडा. म्हणजे फक्त रंगावर ओझं टाकलं असतं तर त्या घरांत धागा तुटला असता. कंपाचा आवाज सोबत आहे, म्हणून नाही तुटत. एकच खूण डोळ्याला वेगळी आणि कानाला वेगळी द्यावी, एक हरवली तरी दुसरी राहते. रेल्वेतसुद्धा दिव्याच्या जोडीला रुळावर फटाका-सिग्नल ठेवतात तो याचसाठी : धुक्यात डोळा फसला तर कान सावध व्हावा.

दुसऱ्या मृत्यूत छोटा बदल आहे. कथेत डब्यातली एक तरुणी अचानक मरते आणि तिला केबिनच्या जमिनीवर आणून ठेवतात. पडद्यावर ती नवरी झाली. लालाच्या जोडीला पांढरा आला, ते डोळ्याला पटतं. तरीही डिकन्सचं साधं वाक्य जास्त थंडगार आहे असं वाटतं. ‘इथे, आपल्या दोघांच्या मधल्या या जमिनीवर ठेवलं,’ असं सिग्नलमन सांगतो तेव्हा प्रवासी नकळत खुर्ची मागे सरकवतो. नवरी म्हटलं की प्रेक्षक तिच्याबद्दल हळहळायला लागतो आणि जमिनीकडचं लक्ष सुटतं.

चेहरा, आणि मधल्या रात्री

कथेतल्या भुताला चेहरा नाही. पहिल्यांदा ते डाव्या हाताने तोंड झाकतं, दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी. सिग्नलमनने चेहरा पाहिलेलाच नाही. रूपांतरात भुताला फिकट, तोंड वासलेला चेहरा मिळतो आणि त्याची ठेवण प्रवाशाच्या चेहऱ्याशी जुळवलेली आहे. शेवटाची बांधणीही बदलून भर प्रवाशावर आणला आहे.

याचं बीज कथेतच आहे. पहिल्याच ओळीत प्रवासी वरून हाक मारतो. सिग्नलमन वर न बघता बोगद्याकडे बघतो, कारण त्याने हीच हाक आधी तिथून ऐकलेली आहे. पाहुणा खाली आल्यावर तो त्याला न्याहाळतो आणि नंतर कबूल करतो, की तुम्हाला आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. डिकन्सने एवढीच फट ठेवली. डेव्हिस-क्लार्क यांनी ती उघडली : पाहुणाच अपशकुन घेऊन आलेला असू शकतो, त्याच्या नकळत. सांत्वन करायला आलेला सुशिक्षित माणूस सिग्नलमनच्या मरणाचा भाग ठरतो.

त्याची तयारी सरायीतल्या रात्री करतात. मूळ कथेत प्रवासी दोन भेटींच्या मधे काय करतो ते जवळजवळ नाहीच. इथे तो सरायीत उतरतो, झोपतो आणि वाईट स्वप्नं त्याच्या मागे लागतात. बघताना ही भर वाटते, आणि वेळ भरून काढायलाही तिचा उपयोग झाला आहे हे उघड आहे. पण ती काढून टाकली तर चेहऱ्याचा शेवट आभाळातून पडल्यासारखा होईल. भीती सिग्नलमनकडून प्रवाशाकडे सरकायला जागा लागते, आणि दिवसा तर्काने बोलणाऱ्या माणसाला ती रात्रीच्या बिछान्यातच मिळते.

तोटा कुठे झाला? चेहरा म्हणजे माहिती. सबंध गोष्ट अपुऱ्या इशाऱ्यावर चाललेली असताना शेवटी ओळखू येणारा चेहरा दाखवला की एका प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं होतं. तो मोजका दाखवला आहे म्हणून निभावतं. असा चेहरा दाखवायचाच असेल तर प्रेक्षकाला ‘ओळखीचा वाटला’ एवढं कळावं आणि ‘अमक्याचा आहे’ हे नक्की कळू नये, इतकाच वेळ द्यावा. चौकटीत मधोमध आणला, प्रकाश दिला आणि थांबलं, की रंगभूषा दिसायला लागते.

हाक मराठीत आणताना

या कथेचं मराठी रूप करायचं तर पहिली ठेच हाकेला लागते. मूळ हाक म्हणजे ‘ओ, खाली कोण आहे!’ या अर्थाचे दोन-तीन शब्द. आपल्याकडे घाटात वरून कुणी गँगमनला हाक मारेल ती ‘ओ मामा!’ किंवा ‘ओ भाऊ!’ अशी. सहज येते म्हणून तीच लिहिली जाते आणि सगळं फसतं. ही हाक तीन तोंडांत बसायला हवी : अनोळखी प्रवासी, भूत आणि इंजिनाचा ड्रायव्हर. ‘मामा’ प्रवाशाच्या तोंडी शोभेल, भुताच्या तोंडी हसू येईल, आणि ड्रायव्हर तर रोजच्या ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारेल. नातं सांगणारा शब्द गाळून नुसतं ‘ओ खालचे! बाजूला व्हा!’ ठेवलं तर ते तिघांनाही पेलतं. अहो-जाहोही राहतं आणि घाईही कळते. ‘बाजूला हो’ असं एकेरी केलं तर ड्रायव्हरला जमेल, पहिल्या भेटीतल्या प्रवाशाला नाही. आणि ती दोन वाक्यं पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत एका अक्षरानेही बदलू नयेत. नट मंडळी तालमीत ‘अहो’ घालतात, ‘जरा’ घालतात, तिथेच थांबवावं.

हुद्द्यांचे शब्द रेल्वेत चालतात तेच ठेवावेत : केबिनमन, ड्रायव्हर, गार्ड, लाईन क्लिअर, डेंजर. ‘संकेतरक्षक’ म्हटलं की तो माणूसच नाहीसा होतो. काळ १८६० च्या दशकातलाच ठेवावा, निदान तारयंत्राचा तरी. पुढे इंग्लंडमध्ये १८८९ च्या कायद्याने एका टप्प्यात एकच गाडी हा नियम सक्तीचा झाला आणि यंत्रंच एकमेकांना अडवू लागली. तशा व्यवस्थेत केबिनमनने ‘धोका’ कळवला तर गाडी आधी थांबते, कारण मागाहून विचारतात. मग ‘कसला धोका? कुठे?’ हा सवाल येतच नाही आणि कथा उभी राहायला जागा उरत नाही.

बोगद्याबाहेर

मूळ कथेत प्रवासी तिसऱ्या संध्याकाळी खिंडीच्या काठावर येतो आणि बोगद्याच्या तोंडाशी त्याला तीच आकृती दिसते, डाव्या बाहीने डोळे झाकलेली. क्षणभराने कळतं, की हा जिवंत माणूस आहे आणि काय घडलं ते जमलेल्यांना करून दाखवतो आहे. शेजारी लाकडी टेकूंवर ताडपत्री टाकून केलेला बुटका आडोसा आहे, एखाद्या खाटेएवढा. सिग्नलमन त्या सकाळी गेला. लख्ख उजाडलं होतं. त्याच्या हातात दिवा होता, बोगद्याकडे पाठ होती, आणि तो बाहेरच्या रुळापासून पुरेसा लांब नव्हता. आपलं काम त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं, असं तिथला एक जण सांगतो. ड्रायव्हरला तो बोगद्याच्या टोकाशी दिसला तेव्हा वेग आवरायला वेळ उरला नव्हता. शिट्टीकडे तो लक्ष देईना, म्हणून ड्रायव्हरने शिट्टी बंद केली आणि जिवाच्या आकांताने हाका मारत राहिला. पुढचं दिसू नये म्हणून त्याने एक हात डोळ्यांवर घेतला होता. दुसरा हात तो शेवटपर्यंत हलवत होता.